रूबिएलाचे दोन घोट

ला पालोमा मळ्यावर रोजचा पहिला घोट रूबिएला ओकाम्पोचा असतो. मालकाचा नाही, मुकादमाचा नाही, कॉफी तोडायला आलेल्या चाळीस माणसांपैकीही कुणाचा नाही. गुळाच्या पाण्यात कॉफी उकळली, कापडी गाळणीतून गाळली, की ती जमली की बिघडली हे कुणीतरी सांगायला लागतं, आणि गेली एकोणतीस वर्षं ते रूबिएला सांगते. एक घोट चाखायचा म्हणून आणि दुसरा प्यायचा म्हणून. मग ती झाकण आपटते, आणि बराकीतून माणसं हातात कप घेऊन बाहेर पडतात.

न्याहारीच्या आधी उभ्याउभ्या प्यायच्या या काळ्या कॉफीला डोंगरात सगळे 'घोट'च म्हणतात. "घोट झाले का?" हेच इकडचं सुप्रभात. पाहुण्याला घोट न देता नुसतं "बसा" म्हटलं, तर तो पुढची दहा वर्षं ते सांगत फिरतो.

रूबिएला बावन्न वर्षांची, ठेंगणी, दंड भरलेले, आणि गळ्यावर कानाखालून कानाखालपर्यंत नाही, पण बरीच लांब, एक पांढरी रेघ. ही रेघ सात वर्षांपूर्वीची. धाकट्या मुलीच्या लग्नासाठी ब्लाउज शिवायला टाकला होता. शिवणारणीने कॉलरचं माप घेता घेता फीत तिथेच धरली आणि म्हणाली, "बाई, इथे हे काय गं? बोराएवढं?" ते बोर निघालं थायरॉइडच्या कर्करोगाचं. सगळी ग्रंथी काढली. पुढे किरणांचं औषध पाजून तिला चार दिवस एका खोलीत कोंडून ठेवलं. जेवणाचं ताट दाराशी सरकवून नर्स पळायची. "मी चाळीस माणसांना वाढते, आणि मला असं वाढतात, मांजराला वाढल्यासारखं," असं ती अजूनही सांगते.

घरी आल्यावर मालकिणीने तिला रेशमी रुमाल दिला, गळा झाकायला. रूबिएलाने आभार मानले, आणि तो रुमाल कॉफीच्या मोठ्या किटलीच्या कानाला गुंडाळला. हात भाजायचे थांबले. गळा उघडाच राहिला.

तेव्हापासून रोज एक गोळी. शस्त्रक्रिया करणाऱ्या म्हाताऱ्या सर्जनने तिला ती गोष्ट जशी समजावली, तशीच ती इतरांना समजावते. "डोक्यातून गळ्याला हुकूम सुटतो, काम कर! काम कर! आता गळ्यात काम करणारं कुणी उरलेलं नाही. पण एखादी वाईट पेशी चुकून कोपऱ्यात लपून बसली असली, तर तो हुकूम ती ऐकते आणि वाढायला लागते. गोळी काय करते? एक म्हणजे ग्रंथीचं काम करते. दुसरं म्हणजे त्या हुकूम सोडणाऱ्याचं तोंड बंद ठेवते." त्या हुकुमाचं नाव टीएसएच. रक्त तपासलं की त्याचा आकडा कळतो. रूबिएलाचा आकडा अर्ध्याच्या खाली राहायला हवा होता, आणि सहा वर्षं तो शहाण्या मुलासारखा तिथे बसून होता.

मग फेब्रुवारीत गावातल्या औषध केंद्राने डबा बदलला.

खिडकीतल्या मायेर्लीने नेहमीच्या हिरव्या डब्याऐवजी नारिंगी डबा सरकवला.

"हे माझं नाही, पोरी."

"तेच आहे दोन्या रूबिएला." मोठ्या बाईला इकडे मानाने 'दोन्या' म्हणतात. "नाव तेच, ताकद तीच, एकशे पंचवीस. फक्त कंपनी दुसरी. हिरव्याचं कंत्राट संपलं."

"म्हणजे तेच, पण दुसरं."

"तेच, पण तेच!" मायेर्ली हसली आणि पुढच्याला हाक मारली.

मार्चमध्ये काही नाही. एप्रिलमध्ये तोडणीचा छोटा हंगाम सुरू झाला आणि रूबिएलाचे पाय जड झाले. चूल पेटलेली असूनही तिला थंडी वाजायची. फणीत केसांचा गुंता यायला लागला. अंगठी बोटात रुतून बसली. घाटाखालच्या माणसांना जेवायला बोलावणारा तिचा आवाज, जो म्हणे पलीकडच्या मळ्यावरच्या कुत्र्यांनाही उठवायचा, तो घोगरा होऊन अंगणातच पडायला लागला. आणि एक दिवस तिने राजम्यात दोनदा मीठ टाकलं.

"वहिनी," तिची नणंद दिओसेलिना म्हणाली. ही तिच्याबरोबर त्याच स्वयंपाकघरात मक्याच्या भाकऱ्या भाजते, आणि नवऱ्याची थोरली बहीण म्हणून बोलायचा हक्कही भाजून खाते. "वहिनी, माणसं समुद्राचं पाणी पितात तशी तोंडं करतायत. तू प्रेमात पडलीस की काय?"

"तुझ्या भावाच्या? एकतीस वर्षांनी?"

"मग झालंय तरी काय?"

रूबिएला पोत्यावर बसली. भर कामात ती बसल्याचं दिओसेलिनाने कधी पाहिलं नव्हतं. थट्टा तिथेच संपली.

रक्त तपासलं. आकडा आला पाच पूर्णांक नऊ.

शहरातल्या दवाखान्यात, मनिसालेसला, म्हातारे सर्जन आता निवृत्त झाले होते. नवे डॉक्टर बार्रियोस तरुण होते, समुद्रकाठचे, सहा महिन्यांपूर्वीच डोंगरात आलेले. थंडीने नाक लाल, कोटाखाली दोन स्वेटर. वागायला मऊ. त्यांनी आकडा पाहिला, भुवई उचलली आणि हळूच विचारलं:

"गोळी रोज घेता ना, बाई?"

"रोज."

"कशी घेता?"

"घोटांबरोबर."

टाइप करणारी बोटं थांबली. "कशाबरोबर?"

"घोटांबरोबर, डॉक्टर. पहाटे साडेचारला."

"रोज?"

"रविवारीसुद्धा. घोटांना कसला आलाय रविवार?"

"किती घेता साधारण?"

"दोन. हंगामात तीन. बोटं गारठलेली असतात, अंगात ऊब यायला हवी."

"हं. आणि... कधीपासून?"

"आई द्यायची तेव्हापासून. पाच वर्षांची असेन."

डॉक्टरांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. "घरात आणखी कुणी?"

"सगळेच. नवरा तर घोट पोटात गेल्याशिवाय बुटाची नाडी बांधत नाही. हात चालत नाहीत म्हणतो."

"सोडायचा प्रयत्न केलात कधी?"

"घोट?" रूबिएलाला वाटलं, थंडीने या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. "मी का सोडू?"

"बाई, मी तुम्हाला दोष देत नाहीये. हा एक आजार आहे."

"आजार आहेच की. म्हणून तर आले!"

डॉक्टरांनी मान हलवली, फार दुःखाने, आणि बराच वेळ टाइप केलं.

कागद तिने घडी करून पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी औषध केंद्राच्या खिडकीत दिला, वाढलेला डोस घ्यायला. मायेर्लीने वाचायला सुरुवात केली, आणि मध्येच तिचा आवाज मोठा होत गेला, कारण तिचा स्वतःच्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

"'रुग्णाला बालपणापासून दारूचे व्यसन. गोळी रोज पहाटे मद्यासोबत घेते. कुटुंबातही व्यसन. औषध नीट घेतले जात नसल्याने आकडा वाढलेला. डोस वाढवू नये. व्यसनमुक्तीसाठी पाठवावे. चार महिन्यांनी भेट.'... दोन्या रूबिएला! तुम्ही दारुड्या!"

रांग हसून फुटली. कुणीतरी म्हणालं, "तरीच राजमा खारट!" कुणी म्हणालं, "मला पण सांगा, कुठल्या दुकानात पहाटे साडेचारला मिळते?" मायेर्लीला तर हसता हसता खिडकीचा कठडा धरावा लागला. "घोट! त्यांना घोट म्हणजे घोट वाटले! समुद्रकाठचे ना ते, तिकडे घोट म्हणजे रमच!"

रूबिएला हसली नाही. रांगेतल्या सगळ्यांना विनोद दिसत होता, तिला त्यातले चारच शब्द दिसत होते. वाढवू नये. चार महिने. म्हणजे चार महिने डोक्यातून हुकूम सुटत राहणार, काम कर, काम कर, आणि कोपऱ्यात कुणी लपलेलं असलंच तर ते ऐकत बसणार.

"जाऊ द्या हो," मायेर्ली डोळे पुसत म्हणाली. "पुढच्या भेटीत सांगा त्यांना."

"पुढची भेट सप्टेंबरात आहे."

"मग सप्टेंबरात सांगा."

"सप्टेंबरात मी असेन का, हे लिहून देतेस?"

रांगेतलं हसू विझलं. नारिंगी डबा उचलून रूबिएला जीपमध्ये जाऊन बसली.

घरी नवऱ्याने, ओविदियोने, ऐकलं आणि तोही म्हणाला, जाऊ दे. डॉक्टरांशी वाकडं घेऊ नये, त्यांच्या हातात सुई असते. ओविदियो सरळ माणूस. त्याचं आयुष्य झाडाच्या सावलीत गेलं, आणि कुणाशी आवाज चढवायची वेळ आली की तो कुंपण दुरुस्त करायला निघून जातो. त्या दिवशीही गेला.

"तू जाऊ देणार?" दिओसेलिनाने विचारलं.

"मी? माझ्या कागदावर दारू लिहिलीय. सात वर्षांत मी एक गोळी चुकवलेली नाही. किरणांच्या खोलीतून बाहेर आले त्या दिवसापासून. आई गेली त्या दिवशीसुद्धा घेतली. आणि आता माझ्याच रक्ताबद्दल माझ्याच शब्दाला किंमत नाही?"

"मग लिही."

या देशात सरकारी म्हणा खासगी म्हणा, कुठल्याही ऑफिसला हक्काचा अर्ज करता येतो, आणि त्यांना पंधरा दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. वाचायला न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही हे पाठ असतं. दुपारची भांडी घासून झाल्यावर दोघी स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसल्या. रूबिएलाची शाळा पाचवीपर्यंतची, पण अक्षर गोल आणि ठाम, पोळपाटावर थापल्यासारखं.

"'आदरपूर्वक' लिही आधी," दिओसेलिना म्हणाली.

"आदर संपला."

"तरी लिही. लिहायला काय जातंय? त्याने त्यांना उघडून वाचावंसं वाटतं."

रूबिएलाने लिहिलं:

'आदरपूर्वक. मी रूबिएला ओकाम्पो, ला पालोमा मळ्यावरची स्वयंपाकीण. माझ्या कागदावरून दारू काढून टाका. दारू मी फक्त नाताळात घेते आणि तीही जावयाने आणलेली, जी वाईट असते. घोट म्हणजे कॉफी. तुमच्या दवाखान्यात झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. डॉक्टरांना कळलं नाही याचा राग नाही, त्यांनी विचारलं नाही याचा आहे. आणि कुणीतरी मला हे सांगावं: सहा वर्षं जो आकडा जागचा हलला नाही, तो फेब्रुवारीनंतर का हलला? मी काहीच बदललेलं नाही. डबा तुम्ही बदललात. मला सप्टेंबरच्या आधी बोलवा. मी कर्करोगाची रुग्ण आहे, वाट बघण्याची नाही.'

"शेवटचं वाक्य नीट लागत नाही," दिओसेलिना म्हणाली.

"मला लागतं."

"'जावयाने आणलेली वाईट असते', हे काढ. तो वाचेल."

"वाचू दे. सुधारेल."

अकराव्या दिवशी फोन आला. या सोमवारी या.

सोमवारी जायच्या आधी रूबिएलाने एक काम केलं. परसात तिचा वाटाण्याचा वेल आहे, आणि पाखरं शेंगा फोडतात म्हणून ती रिकाम्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं दोऱ्यात ओवून वेलावर टांगते. वाऱ्यावर चमकतात, पाखरं बिचकतात. सहा-सात वर्षांची पाकिटं. उन्हाने जुन्यांचं छापलेलं नाव पुसट झालं होतं, पण मागच्या बाजूला हिरवी रेघ दिसत होती. खालची चार नवी, नारिंगी रेघेची. तिने दोरा सोडवला आणि तसाच्या तसा पिशवीत टाकला.

डॉक्टर बार्रियोस तिला बघून उठून उभे राहिले. कान लाल झाले होते, आणि ते थंडीमुळे नव्हतं.

"बाई, मी माफी मागतो. आमच्याकडे सकाळी साडेचारला कुणी घोट घेत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आदल्या दिवशीची मैफल अजून संपलेली नाही. मला खरंच वाटलं..."

"की पाच वर्षांच्या पोरीला आई रम पाजते."

"मी त्या रात्री झोपलो नाही," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या आईचा विचार करून."

रूबिएलाला हसू आलं. पण ते ती दाखवणार नव्हती. "खोडा."

"इथे एकदा लिहिलेलं खोडता येत नाही. खाली दुरुस्ती लिहिता येते."

"मग वर जेवढ्या जागेत दारू लिहिलीत, तेवढीच जागा खाली कॉफीला द्या. आणि माझ्यासमोर लिहा, मी वाचते."

त्यांनी लिहिलं. तिने वाचलं. 'ग्रहण' हा शब्द तिला आवडला नाही, म्हणून 'पिते' असा करून घेतला.

"पण बाई," डॉक्टर आता सावरले होते, "कॉफी आहे म्हणूनही प्रश्न सुटत नाही. ही गोळी कॉफीबरोबर घेतली तर पोटातून नीट शोषली जात नाही. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान तासभर काही प्यायचं नाही. म्हणजे दारू नसली, तरी दोष घोटांचाच असू शकतो."

रूबिएलाने पिशवीतून दोरा काढला. टेबलावर चंदेरी पाकिटांचा तो हार खळखळत पसरला, मधूनमधून वाळलेल्या वेलाचे धागे अडकलेले.

"ही सहा वर्षांची," तिने हिरव्या रेघेवर बोट ठेवलं. "ही एकेक गोळी घोटांबरोबर गेली. तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी माझं रक्त घेतलं ते घोट प्यालेल्या बाईचं रक्त. डोस ठरवला तो घोट प्यालेल्या बाईसाठी. जे वाया जायचं ते त्यात धरूनच एकशे पंचवीस झाले. बरोबर?"

डॉक्टर पाकिटांवर वाकले.

"आणि ही नारिंगी. घोट तेच. वेळ तीच. बाई तीच. आकडा पाच पूर्णांक नऊ. आता सांगा, काय बदललं?"

डॉक्टरांनी पाकिटं उचलून उजेडात धरली. मग संगणकात बघितलं, वर, खाली, परत वर. "इथे फक्त औषधाचं नाव आणि आकडा आहे," ते हळू म्हणाले. "कंपनीचं नाव येतच नाही. डबा बदलला हे मला दिसलंच नव्हतं."

"मी सांगायला आले होते. तुम्ही मला घोटांत अडकवलंत."

"दोन कंपन्यांच्या गोळ्यांत थोडाफार फरक पडू शकतो," डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच लोकांना काही होत नाही. पण कर्करोगानंतर आकडा इतका खाली ठेवायचा असतो, तिथे थोडाफारसुद्धा पुरतो. गोळी बदलली की सहा-आठ आठवड्यांनी रक्त बघायलाच हवं होतं. कुणी बघितलं नाही. नारिंगीवर कॉफीचा जास्त परिणाम होत असेल, किंवा ती गोळीच तुम्हाला कमी लागू पडत असेल. नेमकं काय, ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही."

"हे पहिल्याच दिवशी म्हणाला असतात, तर मी तुम्हाला जेवायला बोलावलं असतं."

मग तोडगा काढायला बसले दोघं. खरोखर बसले, बाहेर नर्स दोनदा दार वाजवून गेली. हिरवा डबा मिळतो का बघू, डॉक्टर म्हणाले, पण आशा नाही. घोट तासभर पुढे ढकला. नाही, रूबिएला म्हणाली. साडेचारला मी चाखल्याशिवाय किटली बाहेर जात नाही. मग साडेतीनला उठून गोळी घ्या. "तुम्ही उठा साडेतीनला," ती म्हणाली. "आठवडाभर उठा, मग मला सांगा." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. जेवता कधी? सहाला. झोपता? नऊला. त्यांचा चेहरा उजळला. "मग झोपताना घ्या! जेवण होऊन तीन तास झालेले, पोट रिकामं, पुढे घोट थेट पहाटे. गोळीला अख्खी रात्र मोकळी."

रूबिएलाने यावर विचार केला. सात वर्षांत हे तिला कुणी सुचवलं नव्हतं. घोट राहत होते. गोळीही राहत होती.

"पण वेळ बदलली म्हणजे परत सगळं बदललं," ती म्हणाली.

"म्हणूनच सहा आठवड्यांनी रक्त. तेव्हा जो आकडा येईल त्यावर डोस. आणि आणखी एक तपासणी लिहितो, काही उरलेलं जागं झालंय का ते बघायला." ते थांबले. "बहुतेक नसेल झालेलं, बाई."

"'बहुतेक' मला पेलतं," रूबिएला म्हणाली. "'जाऊ द्या' पेलत नाही."

हिरवा डबा मिळाला नाहीच. त्या दुसऱ्या तपासणीचा निकाल यायला मात्र एकोणीस दिवस लागले, आणि त्या एकोणीस दिवसांत रूबिएला राजम्यात मीठ टाकायच्या आधी दिओसेलिनाला दाखवायची. निकाल गावातल्या केंद्रात आला, आणि मायेर्लीनेच फोन करून सांगितलं, स्वच्छ आहे, काही नाही. रूबिएलाने फोन ठेवला, चुलीत एक लाकूड सारलं, आणि ओविदियो कुंपण दुरुस्त करत होता तिथवर चालत जाऊन सांगून आली. तो हातातला हातोडा खाली ठेवून तिथेच बसला.

सहा आठवड्यांनी आकडा एकवर आला. अजून वरच. डॉक्टरांनी डोस एक पायरी वाढवून एकशे सदतीस केला. आणखी सहा आठवडे. केस गळायचे थांबले, अंगठी बोटात फिरायला लागली, आणि मोठा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर आकडा आला शून्य पूर्णांक तीन. डॉक्टर बार्रियोसनी स्वतः फोन केला. "बाई, तोंड बंद!" रूबिएलाने त्यांना ती सर्जनची हुकुमाची गोष्ट सांगितली होती, म्हणून. दिओसेलिना शेजारी होती, तिला वाटलं डॉक्टर वहिनीला गप्प बसायला सांगतायत, आणि ती फोन हिसकावून घ्यायला निघाली.

नव्या चिठ्ठीवर त्यांनी गोळीच्या नावाखाली नारिंगी डब्याच्या कंपनीचं नाव लिहिलं, आणि त्याखाली स्वतःच्या हाताने: 'बदलू नये. बदलल्यास सहा आठवड्यांत रक्त तपासणे आवश्यक.'

ऑक्टोबरात ती चिठ्ठी घेऊन रूबिएला खिडकीपाशी आली. मायेर्लीने निळा डबा सरकवला.

रूबिएलाने त्याला हात लावला नाही.

"तेच आहे, दोन्या रूबिएला," मायेर्ली म्हणाली, पण या वेळी नजर न देता.

"चिठ्ठी वाच."

"वाचली. नारिंगी नाही आलं या महिन्यात. माझ्या हातात नाही हो ते."

"मग ज्याच्या हातात आहे त्याला फोन लाव."

"ते उद्या बघतील म्हणतात."

"मी आज बघते." रूबिएला खिडकीपासून हटली नाही. मागे नऊ-दहा माणसं होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पोरी, तुझ्यावर राग नाही. मागच्या खेपेला मी डबा घेतला, भांडले नाही, आणि तीन महिन्यांत माझी रया गेली. वर मी दारुडी ठरले, ते वेगळंच. या आकड्यासाठी मी अर्धं वर्ष झगडलेय. नारिंगी आण. नारिंगी नसेल तर निळा दे, पण निळ्याबरोबर आजच्या तारखेची रक्ततपासणीची चिठ्ठी दे, सहा आठवड्यांनंतरची, शिक्का मारून. दोन्हीतलं एक हातात आल्याशिवाय मी हलत नाही."

"आणि दोन्ही नाही मिळालं तर?"

"तर मी इथेच. माणसांचं दुपारचं जेवण मी करून आलेय. संध्याकाळचं माझी नणंद बघेल. आणि कागदही आणलाय अर्जासाठी. 'आदरपूर्वक' आधीच लिहून आणलंय."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. पण या वेळचं हसू तिच्या बाजूचं होतं. मागून एका म्हाताऱ्याने स्वतःची पिशवी उघडली, रक्तदाबाच्या गोळ्यांचा डबा बाहेर काढला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघायला लागला. "काय हो बाई," तो म्हणाला, "माझा तर आधी चौकोनी असायचा." त्याच्या मागच्या बाईनेही पिशवीत हात घातला.

मायेर्लीने रांगेकडे बघितलं, मग रूबिएलाकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेतीन वाजले होते. केंद्र पाचला बंद होतं.

"हलो, गोदाम?" ती फोनमध्ये म्हणाली. "नारिंगी एकशे सदतीस आहे का शिल्लक? ... नाही, उद्या नाही. आत्ता बघा." तिने फोनवर हात ठेवला. "शोधतायत."

"शोधू दे," रूबिएला म्हणाली, आणि मागच्यांना खिडकी दिसावी म्हणून एक पाऊल बाजूला सरली. फक्त एकच.